तीर्थनकाठचा गाइड: एका मामा-भाचीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हिमाचलच्या कुल्लू जिल्ह्यातली तीर्थन नदी ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कच्या उंच भागातून निघते, गुशैणी आणि बंजारवरून खाली येते आणि लारजीजवळ बियासला मिळते. बर्फाचं पाणी, घराएवढे धोंडे, त्यांच्यामध्ये लहान लहान डोह. या पाण्यात ब्राउन ट्राउट आहे. तो इथला मूळचा मासा नाही. इंग्रजांनी १९०० च्या सुमारास विलायतेतून अंडी आणून तो काश्मीरात रुजवला आणि तिथून थोड्याच वर्षांत तो कुल्लूत आला. आज तीर्थनचं खोरं ट्राउटवाल्यांचं आवडतं ठिकाण आहे आणि गावोगावच्या होमस्टेंमध्ये ‘गाइड मिळेल’ असं सांगितलं जातं.

हे प्रकरण जुलै २०२३ च्या पुरानंतरच्या एका एप्रिलमधलं आहे. दोघांच्या परवानगीने लिहितो आहे. नावं, गाव आणि नेमकं साल गाळलं आहे.

भाची तिशीतली, पुण्यात नोकरी करणारी. शिक्षणासाठी अमेरिकेत, कोलोरॅडोत होती, तिथे तिला फ्लाय फिशिंगचा नाद लागला. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी: गळाला गांडूळ किंवा कणीक न लावता पिसं, धागा आणि लोकर गुंडाळून केलेला कीटकाचा तोतया, म्हणजेच फ्लाय, पाण्यावर किंवा पाण्याखाली सोडायचा. तोतयाला वजन जवळपास नसतंच, म्हणून फेकायची असते ती जाड दोरी. तोतया तिच्यामागून जातो. मामा साठी ओलांडलेले, नाशिकचे, बँकेतून निवृत्त. लहानपणी गोदावरीवर कणकेची गोळी लावून गळ टाकलेला माणूस. एक गुडघा अलीकडे कुरकुर करायला लागलेला.

एप्रिल का, तर हिमाचलात ट्राउटची बंदी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत असते. बंदी उठल्यावर मार्च-एप्रिलमध्ये पाणी बऱ्यापैकी नितळ असतं. मे-जूनमध्ये बर्फ जोरात वितळून नदी फुगते, त्यानंतर पावसाचा गढूळपणा, मग पुन्हा सप्टेंबर-ऑक्टोबर. दोघांना एप्रिलमध्येच सुट्टी जुळत होती. नदीवरचे दिवस चार मिळणार होते.

कुणाला घ्यायचं

पर्याय चार होते आणि दोघांनी त्यावर बराच खल केला.

पहिला, दिल्लीहून सहली काढणारा एक आयोजक. त्याचा माणूस फ्लाय फिशिंग उत्तम शिकवणारा, रॉडपासून पाण्यात उतरायच्या बुटांपर्यंत सगळं त्यांचं. पण दर स्थानिक गाइडच्या चार-पाच पट, आणि तो माणूस हंगामात चार राज्यांत फिरणारा. दुसरा, काश्मीर. तिथे नद्यांचे ‘बीट’, म्हणजे ठरवून दिलेले टप्पे, पाडलेले आहेत आणि प्रत्येक बीटवर दिवसाला मोजक्याच लोकांना परवाना मिळतो. सोबत गिली असतो, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारा माणूस. मामांचं मन तिकडे ओढत होतं, पण हव्या त्या तारखांना हवा तो बीट मिळेना. तिसरा, गाइड न घेता जाणं. भाचीला हे जमण्यासारखं वाटत होतं. तिने यूट्यूबवर तीर्थनचे भरपूर व्हिडिओ पाहिले होते. इथे मी पडलो असतो तर विरोध केला असता, कारण ते व्हिडिओ बहुतेक पुराआधीचे होते. मोठा पूर गेला की डोह भरतात, धार सरकते, कालचा काठ आज पात्रात असतो. नदीची अशी माहिती दरवर्षी शिळी होते आणि ती ताजी फक्त रोज काठाने चालणाऱ्याकडेच असते.

चौथा पर्याय, होमस्टेच्या मालकिणीचा पुतण्या. पंचविशीचा, जन्म तिथलाच, दिवसाचे २,००० रुपये. भाचीने फोनवर विचारलं, “फ्लाय फिशिंग करवाते हो?” तो म्हणाला, “हाँ जी, बहुत गेस्ट आते हैं.” मामांनी विचारलं, “मासा मिलेगा ना?” त्यावर, “मिल जाएगा, सर.” ठरलं.

हा पहिला निर्णयबिंदू, आणि निर्णय माझ्या मते बरोबरच होता. कच्चे होते ते प्रश्न. पुतण्या खोटं बोलला नव्हता. फ्लाय रॉड घेतलेले पाहुणे त्याने खरोखरच नदीवर नेले होते. तो स्वतः मात्र स्पिनरने, म्हणजे फिरत्या चकतीच्या चमकदार गळाने मासे धरत होता. फ्लाय कशी बांधायची, कुठली कधी लावायची, दोरी कशी सोडायची, यातलं त्याला काही येत नव्हतं. हे विचारलंच गेलं नाही, म्हणून त्याने सांगितलंही नाही.

पहिला दिवस

परवान्याची एक गोष्ट भाचीने चांगली केली. “हो जाएगा” या उत्तरावर न थांबता तिने पोचल्या दिवशीच मत्स्य विभागाकडून दोघांचे वेगवेगळे परवाने काढले. राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत गळ टाकता येत नाही, तेव्हा खालचा कोणता टप्पा चालेल तेही विचारून घेतलं.

मामांनी आदल्या रात्री फर्मान काढलं होतं: पहाटे सहाला नदीवर. गोदावरीवर तसंच असायचं. पुतण्या हो म्हणाला. सहाला पाणी इतकं गार होतं की भाचीच्या थर्मामीटरने जेमतेम ७ अंश दाखवले. इतक्या थंड पाण्यात ट्राउट तळाशी सुस्त पडून असतो. ऊन पाण्यावर आलं, कीटक हलू लागले, की मग तो खायला लागतो. एप्रिलमध्ये तिथे खरी वेळ साधारण साडेदहा ते अडीच. पुतण्याला हे पक्कं ठाऊक होतं. पण पाहुण्याला ‘नाही’ म्हणायचं नाही, हे त्याच्या घरचं वळण. दोघं साडेचार तास थंडीत कुडकुडले आणि चांगली वेळ सुरू झाली तेव्हा मामा दमून दगडावर बसले होते.

पुढचं जास्त बिघडलं. मासा दिसेना म्हणून पुतण्याला ओशाळल्यासारखं झालं. एका सुंदर डोहावर भाची दोरी सोडायच्या तयारीत असताना त्याने आपला स्पिनर वरच्या अंगाला टाकला, दुसऱ्या फेकीत वीतभर ट्राउट बाहेर काढला आणि आनंदाने म्हणाला, “देखो मैडम, है ना मछली!” डोहातले बाकीचे मासे अर्थातच बिथरले. भाचीचा पारा चढला. त्यात तो मासा त्याने रात्रीच्या जेवणासाठी पिशवीत टाकला. भाची म्हणाली, सोड. मामा म्हणाले, “अगं, सोड काय? एवढ्या लांब येऊन मासा खायचा नाही?”

पुतण्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिला.

खरी अडचण कुठे होती

भाचीने मला हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा तिचा सूर होता, ‘गाइड वाईट निघाला.’ मला तसं वाटत नाही. एका गाइडला दोन मालक होते आणि त्यांच्या अपेक्षा एकमेकींच्या विरुद्ध होत्या.

भाचीच्या डोक्यात कोलोरॅडो होतं. तिथला गाइड नोंदणीकृत आयोजकाकडून येतो, तोतये आणि जाळी त्याची, तो पाहुण्याच्या पुढ्यात स्वतः गळ टाकत नाही, आणि बहुतेक ठिकाणी धरलेला मासा पाण्यात परत जातो हे गृहीतच असतं. मामांच्या डोक्यात गोदावरी होती: पहाट, एक जागा, धीर, आणि शेवटी कालवण. पुतण्याच्या डोक्यात तिसरंच काही होतं. पाहुण्याला नदीचा मासा खाऊ घातला नाही तर काकूची लाज जाईल. तिघांपैकी कोणीही आपली कल्पना मोठ्याने बोललं नव्हतं. मामा-भाची तर चंदिगडहून येताना सात-आठ तास एकाच टॅक्सीत होते.

शिवाय ‘गाइड’ या एका नावाखाली तीन वेगळी कामं येतात. मासा कुठे बसतो हे सांगणं. फ्लाय फिशिंग शिकवणं. आणि पाण्यात माणसाला सांभाळणं. डोंगरातल्या नदीवर ही तिन्ही एकाच माणसात सापडणं दुर्मीळ. दिल्लीच्या माणसात दुसरं होतं. पुतण्यात पहिलं आणि तिसरं होतं, तेही भरपूर. भाचीला दुसऱ्याची गरजच नव्हती. पण ते नाही म्हणून ती चिडली होती.

दुसरा दिवस: नदी ओलांडायची की नाही

तिसऱ्या कामाची किंमत दुसऱ्या दिवशी कळली. सकाळी अकराच्या सुमाराला पलीकडच्या काठाला, एका मोठ्या धोंड्याच्या सावलीत, भाचीला दोन मासे वर येऊन काही टिपताना दिसले. पाणी गुडघ्याच्या थोडं वर. बुटांना फेल्टचे तळवे, हातात काठी; तिने अशा नद्या ओलांडल्या होत्या. पुतण्या म्हणाला, “नहीं मैडम.” पहिल्यांदाच त्याने नाही म्हटलं होतं. भाचीला वाटलं, काम टाळतोय. मामा म्हणाले, “दहा मिनिटांचं तर काम आहे, मी पण येतो.”

तो हलला नाही. आत्ता जाता येईल, म्हणाला, दोन-अडीचनंतर परत येता येणार नाही. पूल कुठे, तर दीड तास वर. उन्हाने वरचा बर्फ वितळतो, पण ते पाणी खोऱ्यातून खाली यायला काही तास घेतं, म्हणून एप्रिलच्या स्वच्छ दिवसात नदी दुपारनंतर चढत जाते. काठावर उभं राहून ते जाणवत नाही. वीतभर वाढलेलं पाणीही पायाखालचा गोटा सरकवायला पुरतं.

दोघांनी ऐकलं, पण नाराजीने. साडेतीनला परतताना त्याच जागी पाणी मांडीपर्यंत आलं होतं आणि रंगही बदलला होता. सकाळी पाहिलेला एक सपाट दगड पूर्ण बुडाला होता. मामा काही बोलले नाहीत, फक्त गुडघा चोळत उभे राहिले.

हा दुसरा निर्णयबिंदू. इथे निर्णय पाहुण्यांनी घेतला नाही, गाइडने घेतला, आणि तो त्यानेच घ्यायचा असतो. अडचण एवढीच की आदल्या दिवशी प्रत्येक गोष्टीला हो म्हणणाऱ्या माणसाचं ‘नाही’ कितपत गंभीर आहे हे पाहुण्यांना समजायला काही मार्ग नव्हता. पहाटे सहाच्या हट्टाला तो ‘नाही’ म्हणाला असता तर अकराचं ‘नाही’ लगेच पटलं असतं.

संध्याकाळची बैठक

दुसऱ्या दिवशीही भाचीच्या हाती मासा लागला नव्हता. संध्याकाळी तिच्यापुढे तीन वाटा होत्या. पैसे देऊन पुतण्याला मोकळं करावं आणि एकटीने जावं. पण नदी चढण्याचा प्रकार पाहिल्यावर मामांनी ते साफ नाकारलं. फोन करून बंजारकडचा दुसरा गाइड बघावा. पण त्याबद्दलही तेवढंच कळलं असतं जेवढं याच्याबद्दल फोनवर कळलं होतं, आणि काकूच्या घरात राहून पुतण्याला काढणं अवघड. तिसरी वाट, कामाची नव्याने वाटणी करणं.

बोलणी स्वयंपाकघरात, चुलीजवळ झाली, आणि ती जमली याचं श्रेय काकूला. भाचीने तक्रारीचा सूर लावला असता तर पोरगा मान खाली घालून ‘जी, जी’ म्हणत राहिला असता. काकूने त्याला सरळ विचारलं, तुला काय येतं ते सांग. तेव्हा तो बोलायला लागला. वरच्या टप्प्यात कुठल्या दगडामागे काय आहे, पुरानंतर कुठला डोह गेला आणि कुठला नवा झाला, आणि तो सहा वाजता का जात नाही.

तिथल्या तिथे चार गोष्टी ठरल्या. निघायचं नऊला. पुतण्या स्वतःचा रॉड घरी ठेवणार. त्याने लांबूनच जागा दाखवायची, आणि पाण्याबाबत त्याचा शब्द शेवटचा. माशाचा प्रश्न काकूनेच सोडवला: खोऱ्यात रेनबो ट्राउटची मत्स्यशेती आहे, मामांसाठी तिथून दोन मासे आणायचे, नदीतले परत नदीत. मामांनी थोडी कुरकुर केली, पण शेतातला रेनबो नदीतल्या ब्राउनपेक्षा जाड निघाल्यावर ती थांबली.

पुढे काय झालं

तिसरा दिवस चांगला गेला. भाची कोलोरॅडोच्या रुंद नद्यांच्या सवयीने लांब दोरी टाकत होती. पुतण्याने दोन-तीनदा हाताने खूण केली: जवळ, अजून जवळ. तीर्थनच्या या टप्प्यात मासा धोंड्यामागच्या चुलीएवढ्या शांत पाण्यात असतो आणि भोवती तीन वेगाच्या धारा असतात. लांब दोरी टाकली की त्या धारा तिला ओढतात, तोतया अनैसर्गिक पळतो आणि मासा तोंड फिरवतो. तिने दोरी आखडती घेतली, रॉडचं टोक वर धरलं आणि वजनाचा मणी लावलेलं निम्फ, म्हणजे पाण्याखाली सोडायचा तोतया, जवळजवळ पायापुढेच सोडायला लागली. दुपारपर्यंत पाच ब्राउन ट्राउट, सगळे लहान, सगळे ओल्या हाताने धरून परत सोडलेले. यातले तीन तिला आधी दिसलेच नव्हते, पुतण्याने दाखवले होते. स्पिनरवाल्याला फ्लाय येत नव्हती, पण मासा कुठे तोंड करून उभा आहे हे त्याला तिच्याहून कितीतरी चांगलं कळत होतं.

मामांना एकही मासा मिळाला नाही. फ्लाय रॉड त्यांच्या हातात बसेना, दोनदा झाडात अडकला. तिसऱ्या दिवशी दुपारी ते पुतण्याबरोबर काठावर बसून त्याच्या सफरचंदाच्या बागेचा हिशेब समजून घेत होते. बँकेचं कर्ज कुठल्या योजनेत बसेल वगैरे.

चौथ्या दिवशी रात्रभर पाऊस, नदी चहासारखी. कोणी गेलंच नाही. त्या दिवसाचे पैसे द्यायचे का, हे ठरलं नव्हतं. मामांनी पूर्ण दिले, भाचीच्या मते निम्मे पुरे होते. पुतण्याने आधी घ्यायला नकार दिला आणि मग घेतले. यात कोण बरोबर, याबद्दल दोघांचं अजून एकमत नाही. माझं मत मामांकडे झुकतं: त्याने तो दिवस दुसऱ्या कुणाला दिला नव्हता. पण असा प्रसंग उदारपणावर सोडणं बरं नाही, कारण पुढच्या पाहुण्याने निम्मेच दिले तर पोराने कोणता दर खरा मानायचा?

वेगळं काय करता आलं असतं

फोनवरचे प्रश्न. ‘फ्लाय करवता का’ याऐवजी ‘तुम्ही स्वतः कशाने मासे धरता’ असं विचारलं असतं तर सगळं एका वाक्यात उघड झालं असतं. ‘मासा मिळेल ना’ हा प्रश्न तर विचारूच नये. त्याला एकच उत्तर येतं आणि ते उत्तर दिल्यावर गाइडवर नको तो दबाव येतो. पहिल्या दिवशी त्याने भाचीच्या डोहात स्पिनर टाकला तो त्या दबावापोटीच. त्यापेक्षा ‘या आठवड्यात पाणी कसं आहे, किती वाजता चढतं’ हे विचारावं. ज्याला नदी माहीत आहे तो या प्रश्नावर मोकळेपणाने बोलतो, आणि ज्याला नाही तो विषय बदलतो.

आपसातलं बोलणं. मासा खायचा की सोडायचा, हे मामा-भाचीने पुण्यातच मिटवायला हवं होतं. परवान्याच्या मर्यादेत खाणं बेकायदा नाही आणि सोडणं हा काही धर्म नाही. पण गाइडसमोर वाद घातला की तो कोणाचं ऐकायचं यात अडकतो.

साहित्य. भाचीने स्वतःसाठी सगळं आणलं होतं, मामांसाठी साधे सँडल. सात-आठ अंशांच्या पाण्यात अर्धा तास उभं राहिल्यावर त्यांच्या पायांची जाणीवच गेली होती. छोट्या खोऱ्यात पाण्यात उतरायचे बूट भाड्याने मिळतीलच असं धरून चालू नये. आणि मामांना फ्लाय रॉडच का दिला, हे मला कळलेलं नाही. त्यांच्यासाठी पुतण्याचा स्पिनर आणि एक वेगळा डोह पुरेसा होता. दोन वेगळ्या पद्धतीच्या माणसांना एकाच गाइडने एकाच डोहावर न्यायचं, हा बेतच लंगडा.

पैसे. पावसाचा दिवस, गढूळ पाणी, अर्ध्यात परतणं, दुपारचं जेवण कोणाचं: एवढं व्हॉट्सअॅपवर चार ओळींत लिहून ठेवलं असतं तर काकूच्या उंबऱ्यावरची ती अवघड पाच मिनिटं टळली असती.

भाची त्यानंतर ऑक्टोबरमध्ये पुन्हा त्याच्याचकडे गेली, या वेळी एकटी, आणि खूश होऊन आली. तिने पुण्यातल्या तिघा-चौघांना त्याचा नंबर दिला. त्यातल्या एकाने फ्लाय रॉड नुकताच विकत घेतला होता आणि कास्ट करायला, म्हणजे दोरी फेकायला, नदीवरच शिकू असं त्याला वाटलं होतं. त्याचे दोन दिवस झाडांत अडकलेले तोतये सोडवण्यात गेले आणि तो परत येऊन म्हणाला, गाइड काही कामाचा नाही. आता कुणी नंबर मागितला की भाची आधी विचारते, कास्ट करता येतं का. येत नसेल तर ती दिल्लीच्या माणसाचा नंबर देते.